डोक्यावर दोन टिंबं

टॉडमॉर्डनला नोव्हेंबरात चार वाजताच दिवा लावावा लागतो.
सटक्लिफ बेल दाबत नाहीत,
बिस्किटांचा पत्र्याचा डबाच वाजवतात दारावर.
आत अकरा फ्लॉप्या, एक तुटका रबर,
आणि कबुतराच्या पायातलं ॲल्युमिनियमचं वाळं.

"क्लबचा सगळा हिशेब. सत्याऐंशीपासूनचा.
कचऱ्यात टाकायला निघालो होतो, मग म्हटलं,
तुझं ते पेंग्विनवालं चालतं ना अजून?"

चालतं. लॅबने मोडीत काढलेला लॅपटॉप,
एक बिजागरी दोऱ्याने बांधलेली,
त्यावर लिनक्स. आजाऱ्याला पेज मानवावी
तसं मानवलं त्याला.

धातूची झडप सरकवून बघते:
तपकिरी चकतीवर बुरशीचं चांदणं.
कापूस, स्पिरिट, आणि श्वास रोखून
चकती बोटाएवढी बोटाएवढी फिरवत जायचं.
तीस वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या पुसल्या,
हात विसरलेला नाही.

कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवायचं,
म्हणजे वाचता येतं, आपल्याकडून वर काही लिहिलं जात नाही.
असं भोक मला हवं होतं
काही पत्रं लिहिताना.

माउंट हो म्हटलं, तर नाही म्हणाली.
मग नुसती नक्कल मागितली, सेक्टरमागून सेक्टर,
दोन हजार आठशे ऐंशी.
खर्र. खर्र. टक.
टक म्हणजे अडलं.
ते मागे जातं, पुन्हा येतं, उलट्या बाजूने येऊन बघतं.
सटक्लिफ टोपी मांडीवर घेऊन बसलेत,
मान जराशी वर,
माझ्या छताला आभाळ समजून.

नऊ आल्या. एक अर्धी. एक नाहीच.

अर्धीत जुलै त्र्याण्णव. नांतहून सोडली, सकाळी सव्वासहा.
वाऱ्याची दिशा, मालक, वाळ्याचा नंबर, पोचल्याची वेळ.
निळी मादी, चव्वेचाळीस सतरा,
आणि तिथून पुढे शून्यंच शून्यं, पानभर.
"ही आली का हो परत?"
"आली की. मंगळवारी.
चालत आली असणार."
आणि चहा न घेताच गेले, डबा माझ्याकडे ठेवून.

मग मी माझी काढली.
चहाच्या फडक्यांच्या खालची, एकच. लेबलवर
सुधन्वाचं अक्षर: नंदिनी, इंग्लंड.
मिरजेच्या डीटीपीच्या दुकानात बसून टाइप केलेली,
मी निघाले त्याच्या आदल्या रात्री.
एकदाही टक झालं नाही. एक सेक्टर गेलेला नाही.
फाइल उघडली,
आणि पडदाभर युरोपातली कुठलीशी अक्षरं,
कुणाला शेपूट, कुणाला तुरा.
फॉन्ट दुकानातच राहिला होता,
आणि दुकानाचं आता मोबाइलचं झालंय.

बघत बसले. एक ओ सारखा येत होता,
डोक्यावर दोन टिंबं घेऊन, जवळजवळ दर शब्दात.
इतक्या वेळा कोण येतं आपल्यात?
काना. उभी रेघ.
ती लागली तसा तिच्या शेजारचा म लागला, मग र,
मग वेलांट्या, हळूहळू,
पहिलीतल्या पोरीसारखं बोट ठेवून:
कुकरची रिंग, दोन.
चिंच, चिंचोके काढून.
पांढरा दोरा. (तो लॅपटॉपला बांधलाय.)
आईच्या चष्म्याचा नंबर, तुझाही तोच होणार.

रात्रीचे साडेदहा.
खाली एकच ओळ उरलीय. तीन काने,
एक जोडाक्षर, ते काही केल्या फुटत नाही.
वस्तू असेल.
किंवा वस्तू नसेल.

मिरजेत पहाटेचे चार.
सुधन्वा पाचला उठतो.
उठायचा.